काचबिंदू: लेझर आधी की थेंब आधी? सोलापुरात रोज विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. आत डॉक्टर "काचबिंदू आहे" म्हणतात आणि बाहेर आल्यावर पेशंट, सोबत मुलगा, सून नाहीतर शेजारी, माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. तिथं जे विचारलं जातं ते मी एका वहीत टिपत आले. खालचे प्रश्न त्या वहीतले. भाषा त्यांची, उत्तरं माझी. तुमच्या डोळ्याचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेणार, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं ते ठाऊक असलेलं बरं.

काचबिंदू म्हणजे मोतीबिंदूच ना? पिकू दे, मग काढू.

नाही हो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकत जाते. त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात आणि गेलेला तंतू परत येत नाही. भिंग विकत मिळतं, नस मिळत नाही.

आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं एकाच बाकावर बसलेलं असतं. त्यात काचबिंदूला कुणी "काला मोतिया" म्हणतं आणि घोळ वाढतो. घरी जाऊन "मोतिया आहे म्हणाले" एवढंच सांगितलं जातं आणि घरचे म्हणतात, दिवाळीनंतर बघू. म्हणून मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून देते: काचबिंदू, थांबायचं नाही.

मला तर सगळं दिसतंय. भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग लेझर कशाला?

तक्ता वाचतो तो नजरेचा मधला भाग. काचबिंदू बहुतेक वेळा कडेची नजर आधी खातो, मधली सगळ्यात शेवटी. शिवाय एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा डोळा भरून काढतो, आणि उरलेली जागा मेंदू अंदाजानं रंगवतो. तिथं काळा डाग दिसत नाही, म्हणूनच कळत नाही.

एक यंत्रमाग कामगार आमच्याकडे आले होते ते चष्म्याचा नंबर काढायला. बोलता बोलता म्हणाले, "सात रस्त्याला डावीकडनं रिक्षावाले अचानकच येतात अलीकडं." रिक्षावाले तसे येतातच, त्यामुळे मीही आधी हसले. मग फील्ड टेस्ट केली. हनुवटी टेकवून पांढऱ्या वाटीत बघायचं, मधल्या दिव्यावर नजर ठेवायची आणि कडेला कुठं ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. डाव्या बाजूला एकामागून एक ठिपके चमकत होते आणि त्यांचा अंगठा बटणावर तसाच थांबलेला. मशीन बिघडलंय असं त्यांना वाटलं.

कोणताही उपाय, थेंब, लेझर किंवा ऑपरेशन, गेलेली नजर परत आणत नाही. आहे ती राखतो. म्हणून "अजून दिसतंय" ही उपाय करण्याची खरी वेळ आहे.

प्रेशर म्हणजे बीपीच का? बीपीची गोळी तर चालू आहे.

हे डोळ्याच्या आतलं प्रेशर. डोळ्यात एक पातळ पाणी सतत तयार होतं आणि बाहेर जातं. डोळ्यातून येणारे अश्रू वेगळे. बुबुळ आणि पुढची पारदर्शक काच जिथं मिळतात त्या कोपऱ्यात बारीक जाळी असते, तिथून हे आतलं पाणी निघून जातं. मोरीची जाळी समजा. पाणी येतंय तेवढंच आणि जाळी तुंबली, तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

साधारण १० ते २१ ही आकड्याची नेहमीची मर्यादा. पण १६ प्रेशर असूनही नस सुकणारे लोक आहेत आणि २४ असूनही वर्षानुवर्षं काही न होणारेही आहेत. त्यामुळे एकट्या आकड्यावर ना घाबरायचं, ना निर्धास्त व्हायचं. मात्र नस सुकत असेल तर आकडा खाली आणणं हाच सिद्ध झालेला उपाय आहे. स्वीडनमधल्या एका मोठ्या चाचणीत प्रेशर १ नं कमी झालं तर आजार पुढं सरकायची जोखीम साधारण १० टक्क्यांनी कमी होते असं दिसलं.

आता महत्त्वाचं. मोरी दोन तऱ्हेनं तुंबते. एक, जाळी उघडी दिसते पण आतून गाळ धरलाय. हा उघड्या कोनाचा काचबिंदू. दोन, जाळी बरी आहे पण बुबुळाची कड फडक्यासारखी तिच्यावर येऊन बसलीय. हा बंद कोनाचा. दोन्हीचं लेझर वेगळं, ऑपरेशनचा विचार वेगळा. कोणता ते बघायला डोळ्यावर आरशाचं छोटं भिंग टेकवतात, त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. दोन मिनिटांचं काम. लेझरचं नाव निघालं की पहिला प्रश्न हाच विचारा: "डॉक्टर, माझा कोन बघितला का? उघडा आहे का बंद?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. कोन न बघता लेझर ठरवणं म्हणजे मोरी न उघडताच प्लंबरनं नळ बदलायला घेणं.

लेझर म्हणजे शेवटचा उपाय ना? आधी थेंब घालून बघू, नाही जमलं तर लेझर.

वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. आणि इथं माझं मत स्पष्ट आहे: उघड्या कोनाच्या बऱ्याच पेशंटना लेझरची माहिती पहिल्या दिवशीच मिळायला हवी, थेंबाच्या वीस बाटल्या संपल्यावर नव्हे.

पूर्वी क्रम तसाच होता: थेंब, मग लेझर, मग ऑपरेशन. लोकांच्या डोक्यात तो पक्का बसलाय, त्यामुळे "लेझर सांगितलं" म्हटलं की घरात रडारड सुरू होते, जणू शेवटची पायरी आली. तो क्रम हलवला तो ब्रिटनमधल्या 'लाइट' नावाच्या चाचणीनं. नव्यानं निदान झालेल्या ७१८ जणांचे दोन गट केले. एकाला आधी लेझर, दुसऱ्याला आधी थेंब. निकाल २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन वर्षांनी लेझर गटातल्या सुमारे ७४ टक्के लोकांचं प्रेशर एकही थेंब न घालता हवं तिथं होतं. त्या तीन वर्षांत थेंबवाल्या गटात ११ डोळ्यांना काचबिंदूचं ऑपरेशन लागलं, लेझर गटात एकालाही नाही. पुढं सहा वर्षांचे आकडे आले तेव्हाही लेझर गटातले सुमारे ७० टक्के डोळे थेंबाशिवाय होते. ऑपरेशन लागलेले डोळे लेझर गटात १३ आणि थेंब गटात ३२. दरम्यान २०२२ मध्ये ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात नव्या पेशंटना लेझर आधी सुचवा असं आलं. युरोपच्या मार्गदर्शनातही ते पहिल्या उपायांमध्ये आहे.

आता दुसरी बाजू. ती चाचणी तिकडच्या लोकांवर, उघड्या कोनावर, आणि बहुतेक लवकर सापडलेल्या आजारावर झाली. आपल्याकडे बंद कोनाचं प्रमाण बरंच आहे. त्यांना हे लेझर नव्हे. आजार फार पुढं गेला असेल तर लेझर पुरं पडत नाही. त्यामुळे "पेपरात वाचलं, मला लेझरच पाहिजे" असाही हट्ट नको.

लेझर म्हणजे डोळा जाळतात व्हय?

जुन्या लेझरमध्ये जाळीला खरंच बारीक चटके देत. हल्लीचं एसएलटी, म्हणजे 'लाइट' चाचणीतलं उघड्या कोनाचं लेझर, वेगळं आहे. प्रकाशाचा एक ठोका सेकंदाच्या काही अब्जांश भागाएवढा, जाळीतल्या रंगद्रव्य असलेल्या पेशींवर जातो. आजूबाजूला उष्णता पसरायच्या आत संपतो. त्या ठोक्यामुळे शरीराची साफसफाई करणारी यंत्रणा तिथं जागी होते आणि जाळी मोकळी व्हायला लागते.

प्रत्यक्षात असं होतं. आधी प्रेशर वाढू नये म्हणून एक थेंब. थोड्या वेळानं डोळा बधिर करायचा थेंब, सुई नाही. मग नंबर तपासताना बसता तसंच मशीनसमोर बसायचं, कपाळ पट्ट्याला टेकवायचं. डॉक्टर जेली लावलेलं भिंग डोळ्यावर ठेवतात, थंडगार लागतं. मग टिक टिक आवाज आणि हिरवट चमक. पूर्ण गोल फिरवून साधारण १०० ठोके, पाच-दहा मिनिटं. बहुतेक जण म्हणतात, "टोचल्यासारखं झालं, बाकी काही नाही." एक आजी तर मध्येच विचारत होत्या, "सुरू कधी करणार?" कपाळ मागं घेऊ नका, एवढंच सांभाळा. श्वास रोखून बसायचीही गरज नाही, तरी सगळे रोखतात.

तासाभरानं प्रेशर परत मोजतात. काही डोळ्यांत ते तात्पुरतं वर जातं, म्हणून हे मोजल्याशिवाय गाडी पकडायला पळू नका. एक-दोन दिवस लाली, थोडं दुखणं, उजेड खुपणं हे चालतं. नजर खूप धूसर झाली किंवा दुखणं वाढत गेलं तर त्याच दिवशी फोन करा.

उपाशीपोटी यायचं का?

नाही. भाकरी खाऊन या. शुगर-बीपीच्या गोळ्याही घेऊन या. सोबत कुणीतरी असू द्या, स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून थेंब बंद ना?

तुमच्या मनानं नाही. एसएलटीचा खरा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात. आधीपासून थेंब चालू असतील तर डॉक्टर सांगेपर्यंत तसेच चालू. परिणाम झाला तर प्रेशर साधारण २० ते ३० टक्क्यांनी उतरतं. काहींना होतच नाही, हेही आधीच सांगते, नाहीतर मग "पैसे बुडाले" म्हणून माझ्याकडे भांडायला येतात.

हा उपाय कायमचा नाही. काही वर्षांनी असर ओसरतो आणि तो ओसरतोय हे तुम्हाला जाणवत नाही. एसएलटी पुन्हा करता येतं, ही त्याची चांगली बाजू. पण तपासणी बंद केलेल्या माणसाला पुन्हा करायची वेळ कधी आली हे कळणार कसं?

सगळ्यांना चालतं का हे?

नाही. कोन बंद असेल तर ठोका जाळीपर्यंत पोचतच नाही. मधुमेहानं डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या फुटून झालेला काचबिंदू, डोळ्याच्या आत सूज असलेला, जन्मजात, ह्यांना एसएलटी नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागचा पडदा साफ करायचं याग लेझर पुष्कळ दवाखान्यांत असतं. एसएलटीचं मशीन वेगळं असतं आणि सगळीकडे नसतं. करमाळा, सांगोला, अक्कलकोटहून एसटी धरून येण्याआधी "एसएलटी आहे का?" असं नाव घेऊन फोनवर विचारा. "लेझर आहे का?" विचारलं तर सगळेच हो म्हणतात.

मला कोन अरुंद आहे म्हणाले. बुबुळाला भोक पाडणार म्हणे!

त्याला आयरिडोटोमी म्हणतात, दवाखान्यात सगळे "पीआय" म्हणतात. पाणी बुबुळाच्या मागं अडकून बुबुळ पुढं ढकललं जात असेल, तर बुबुळाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र लेझरनं करतात. पाण्याला आडवाट मिळते, बुबुळ मागं बसतं आणि कोन मोकळा होतो. आधी बाहुली बारीक करणारा थेंब घालतात, त्यानं भुवईपाशी दुखतं. ठोका बसतो तेव्हा कानाजवळ चुटकी वाजल्यासारखं वाटतं. क्वचित रक्ताचा थेंब येतो, तो थांबतो. काहींना नंतर दिव्याला शेपूट फुटल्यासारखी रेघ दिसते.

कोन बंद होऊन प्रेशर वाढलंय, बुबुळ जाळीला चिकटलंय, किंवा दुसऱ्या डोळ्याला कोन एकाएकी बंद व्हायचा झटका येऊन गेलाय, अशा वेळी हे लांबवू नका. नुसताच अरुंद कोन, प्रेशर ठीक, नस ठीक, अशांची गोष्ट वेगळी आहे. चीनच्या ग्वांगझूमध्ये अशा ८८९ जणांच्या एका डोळ्याला लेझर केलं आणि दुसरा तसाच ठेवला. सहा वर्षं पाहिलं. त्रास झाला तो दर १००० डोळ्यांमागे वर्षाला साधारण ४ लेझरवाल्या आणि ८ बिनलेझरच्या डोळ्यांत. म्हणजे लेझरनं धोका जवळपास अर्धा होतो हे खरं, पण मुळात तो थोडाच होता हेही खरं. म्हणून अशा पेशंटनं "लक्ष ठेवून थांबता येईल का?" असं विचारणं गैर नाही. मात्र घरापासून दवाखाना लांब असेल, वरचेवर येणं जमणार नसेल, मधुमेहामुळे बाहुली सारखी मोठी करून डोळ्याच्या मागचा पडदा बघावा लागत असेल, तर पारडं लेझरकडे झुकतं. मंगळवेढ्याच्या वस्तीवर एकट्या राहणाऱ्या मावशींना आणि दवाखान्याच्या समोर राहणाऱ्या काकांना एकच सल्ला लागू पडत नाही.

रात्री अचानक डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, डोळा लाल झाला. पित्त असेल ना?

असेलही. पण दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, एका डोळ्याची नजर धुरकट झाली, डोळा दगडासारखा कडक लागला, तर तो कोन एकाएकी बंद झाल्याचा झटका असू शकतो. सोडा पिऊन, डोक्याला बाम चोळून सकाळची वाट बघू नका. काही तासांत नस कायमची दुखावते. सिव्हिलला किंवा जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्याच रात्री जा आणि "अर्धशिशी" न म्हणता "डोळा दुखतोय, दिसत नाही" असं आधी सांगा.

कोन अरुंद असलेल्यांना सर्दीच्या, ॲलर्जीच्या, लघवीच्या काही औषधांनीही असा झटका येऊ शकतो. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी कोन अरुंद असल्याचं सांगा.

मोतीबिंदू पण आहे म्हणे. दोन्ही एकदम करता येईल?

बऱ्याचदा येतं, आणि काही वेळा तेच शहाणपणाचं असतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग जाड होतं आणि बुबुळाला पुढं रेटतं. ते काढून पातळ कृत्रिम भिंग बसवलं की कोन आपोआप मोकळा होतो. २०१६ साली 'ईगल' चाचणीत पन्नाशीपुढच्या ४१९ जणांवर हे तपासलं. त्यांचा कोन बंद होता, आणि प्रेशर बरंच वाढलं होतं किंवा काचबिंदू झालेला होता. भिंग काढलेल्यांचं नुसतं पीआय केलेल्यांपेक्षा बरं चाललं, आणि त्यांचं भिंग तेव्हा मोतीबिंदूनं गढूळ झालेलंही नव्हतं. त्यामुळे "मोतीबिंदू पिकला नाही तरी काढा म्हणतात, पैसे काढतायत" अशी शंका आली तर आधी विचारा की हे कोनासाठी आहे का.

उघड्या कोनाच्या सौम्य काचबिंदूत मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येच आतून जाळी कापायचा किंवा तिथं बारीक नळी बसवायचा पर्याय असतो. डॉक्टर त्याला "मिग्ज" म्हणतात. प्रेशर थोडं उतरतं, एखादा थेंब कमी होतो. फार खालचं प्रेशर हवं असेल तिथं ते पुरत नाही.

पहिल्याच भेटीत डायरेक्ट ऑपरेशन सांगितलं. फसवतायत का?

नस बरीच गेली असेल तर नाही. दुसरं मत जरूर घ्या, रिपोर्ट घेऊन जा, पण सहा महिने घेऊ नका. पंधरा दिवस खूप झाले.

ट्रॅबेक्युलेक्टमी, बोलताना "ट्रॅब", हे ऑपरेशन १९६८ पासून चालत आलंय. डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक झडपेसारखी वाट करतात. पाणी तिथून वरच्या पापणीखाली एका फुगवट्यात जमतं आणि शोषलं जातं. ब्रिटनमध्ये पुढच्या टप्प्यातल्या ४५३ जणांवर, पहिल्यापासून ऑपरेशन की पहिल्यापासून थेंब, अशी तुलना झाली आणि २०२१ मध्ये छापून आली. दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्यांचं प्रेशर सरासरी साडेबारापाशी होतं, थेंबवाल्यांचं पंधरापाशी. रोजच्या जगण्यात फारसा फरक जाणवला नाही. सुकलेल्या नसेला ते अडीच-तीन आकडे मोलाचे असतात.

पण ट्रॅब हे लेझरसारखं नाही. टाके असतात, पहिल्या महिन्यात दर काही दिवसांनी यावं लागतं, कधी टाका सोडावा लागतो, कधी प्रेशर जरुरीपेक्षा खाली जातं. ऑपरेशन छान झालं आणि नंतरच्या खेपा चुकवल्या म्हणून वाट बुजली, हे मी पाहिलंय. पुण्याला किंवा हैदराबादला ऑपरेशन ठरवत असाल तर हा हिशेब आधी करा. एकदा जाऊन भागत नाही. पहिले काही आठवडे "हुतात्मा" एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन-येऊन कोण करणार, आणि मधल्या तपासण्या सोलापुरात कोण बघणार, हे दोन्ही डॉक्टरांशी बोलून ठरवा. फुगवट्यात जंतू शिरायचा धोका आयुष्यभर राहतो. डोळा लाल, चिकट, दुखरा झाला तर त्याच दिवशी दाखवायचं.

आषाढीला पायी जातो. वारी चुकवायची नाही. मग कधी करू?

एसएलटी किंवा पीआय असेल तर वारीच्या आठवडा-दोन आठवडे आधी करून घ्या, एक तपासणी झाली की निघा. थेंबाची बाटली पिशवीत.

ट्रॅब असेल तर ती वारी ह्या वर्षी मनातूनच. धूळ, गर्दीतला कोपर, पाऊस, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे चंद्रभागेत बुडी. नव्या जखमेला नदीचं पाणी म्हणजे जंतूंना आमंत्रण. फुगवटा असलेल्यांनी पुढच्या वर्षीही तोंड बुडवू नये. पाणी मानेखाली घ्या. एका वारकरी बाबांनी ह्यावर मला विचारलं, "मग डोळ्यांना काय, नुसतं दर्शन?" म्हटलं, त्यासाठीच तर चाललंय सगळं.

थेंबच बरे वाटतात आम्हाला. थेंबांत वाईट काय?

वाईट काही नाही. लाखो लोकांची नजर थेंबांनी टिकलीय. अडचण एवढीच की बाटलीतला थेंब डोळ्यात पडायला लागतो, रोज, ठरल्या वेळी, जन्मभर. आणि न घातला तरी त्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून राहतो.

मी प्रत्येकाला समोर थेंब घालून दाखवायला सांगते. गालावर पडतो, पापणीवर पडतो, बाटलीचं टोक बुबुळाला टेकतं. बोटांना सांधेदुखी असलेल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या एका अक्कांना बाटली दाबताच येईना. त्यांच्या घरी थेंब घालायला नातू यायचा, आणि नातवाची परीक्षा सुरू झाली की थेंब बंद. अशा माणसाला लेझर आधी सुचवण्यात मला तरी शहाणपण दिसतं.

मग आपला उन्हाळा. एप्रिल-मेत इथं पारा ४२-४३ च्या पुढं जातो. काही थेंब न उघडलेले असताना फ्रीजमध्येच ठेवायचे असतात, आणि उघडल्यावरही २५ अंशांच्या वर नकोत. टीव्हीवर, खिडकीत, गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बाटलीत काय उरत असेल ते देवच जाणे. खोक्यावर काय लिहिलंय ते दुकानदाराकडून वाचून घ्या आणि फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही.

दम्याच्या पेशंटनी टिमोलॉल असलेले थेंब घेऊ नयेत, श्वास अडकू शकतो. दमा असल्याचं डोळ्याच्या डॉक्टरला सांगायचं बऱ्याच जणांना सुचतच नाही, कारण "डोळ्याचा आणि छातीचा काय संबंध?" थेंब नाकातून रक्तात उतरतो, हा संबंध. थेंब घातल्यावर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरा, बरंच टळतं.

डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून थेंब आणले होते, लगेच बरं वाटलं. तेच चालू ठेवू?

बाटली मला दाखवा. आत्ता. त्यात स्टिरॉइड असेल तर खाज जाते, लाली जाते आणि काही लोकांचं प्रेशर गुपचूप चढत जातं. उन्हाळा आला की पोरांचे डोळे खाजतात, चिठ्ठीशिवाय एकच बाटली घरोघरी फिरते. शाळेतल्या मुलाला काचबिंदू झालेला बघायचा नसेल तर ही बाटली फेका.

खर्च किती येईल?

आकडा मी इथं लिहीत नाही, दवाखान्यागणिक बदलतो. विचारायची पद्धत सांगते: एका डोळ्याचा की दोन्ही, नंतरच्या तपासण्या त्यात धरल्या का, पुन्हा लेझर लागलं तर वेगळे पैसे का. थेंबाची बाटली साधारण महिनाभर पुरते, म्हणजे वर्षाला बारा. दोन औषधं असतील तर चोवीस. लेझरचा आकडा त्या शेजारी मांडून बघा. ऑपरेशन असेल तर आधार आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का ते विचारा. खासगी विमा असेल तर लेझर "डे केअर"मध्ये धरतात का ते लेखी मागा. तोंडी "हो हो, होतंय की" ह्यावर जाऊ नका.

शीर्षासन, सकाळचं तांब्याभर पाणी, मोबाइल?

शीर्षासन बंद. उलटं झाल्यावर डोळ्याचं प्रेशर दुपटीच्या आसपास जातं. सकाळी उठल्याउठल्या लिटरभर पाणी एका दमात पिऊ नका, घोट घोट प्या. चाला, भरपूर चाला. मोबाइलनं काचबिंदू होत नाही. तरी "आमच्या सूनबाईंना हे सांगू नका" अशी विनंती दर आठवड्याला होते.

घरच्यांनाही तपासायचं का?

हो. भावंडं आधी, मग मुलं, चाळिशी ओलांडलेली सगळी. काचबिंदू रक्तात येतो. माझ्या वडिलांचा चष्मा एका ठिकाणी तीनदा बदलला. दर वेळी नंबर बरोबर निघाला, नस एकदाही कुणी बघितली नाही. कळलं तेव्हा उजवा डोळा गेलेला होता. डावा आम्ही वाचवला, आणि नंतर काकांना बोलावलं, तर त्यांनाही. त्यांची सुरुवातच होती. त्यांना लेझर झालं. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा अंदाज २०१० साली मांडला गेला होता. त्यातल्या बहुतेकांना तो आहे हे माहीत नाही. गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत पुण्या-मुंबईचे सगळे घरी येतातच. त्या चार दिवसांतली एक सकाळ काढा.

पुढच्या वेळी येताना काय आणायचं?

जुने सगळे रिपोर्ट, विशेषतः फील्ड टेस्टचे कागद आणि ओसीटी, म्हणजे नसेचा स्कॅन. एक कागद काही सांगत नाही. तीन-चार शेजारी ठेवले की आजार सरकतोय का कळतं. त्यांना घडी घालू नका, छपाई पुसते. चालू असलेल्या थेंबांच्या बाटल्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा. दम्याची, हृदयाची औषधं. लेझर झालं असेल तर कोणतं, कोणत्या डोळ्याला, कोणत्या तारखेला, ह्याची चिठ्ठी. आणि मे महिन्यात येत असाल तर सकाळी लवकर या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर दुपारी बाराला बाहेर पाऊल टाकवत नाही, टोपी आणि काळा चष्मा पिशवीत असू द्या.